युद्धाच्या देणग्या : एका तक्त्याचा हिशेब

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास भेटतो. डहाणूला भेटतो, तलासरीला भेटतो, आणि इतर तालुक्यांतही तो असणारच. मथळा असतो 'युद्धाने मानवाला काय दिले?' किंवा 'संरक्षण संशोधनाच्या देणग्या'. खाली रंगीत चित्रे असतात : रडार, जीपीएस, इंटरनेट, अणुवीज, मलेरियावरचे औषध. तक्त्याशेजारी थर्मोकोलचे क्षेपणास्त्र उभे असते. आपण जवळ गेलो की आठवीतला मुलगा हात मागे बांधून सांगू लागतो, "सर, युद्ध वाईट असते, पण युद्धामुळेच विज्ञान पुढे जाते. शिवाय शस्त्रांच्या कारखान्यांमुळे लोकांना काम मिळते." परीक्षक मान डोलावतात. आम्हीही पुष्कळ वर्षे डोलावली.

या लेखात आम्हाला त्या तक्त्याची समीक्षा करायची आहे. मुलाला दोष देण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, समारंभांतल्या भाषणांतून आणि कित्येकदा आपल्याच फळ्यावरून तो तक्ता त्याच्याकडे गेलेला असतो. देशाला सैन्य असावे की नसावे, हाही येथे विषय नाही. तक्त्यात दोन विधाने केलेली असतात : लष्करी खर्चाने अर्थव्यवस्था चालते, आणि लष्करी संशोधनाने विज्ञान पुढे जाते. ही विधाने हिशेबाची आहेत. म्हणून ती हिशेबानेच तपासली पाहिजेत. आणि त्यासाठी लागणारी उदाहरणे डहाणू-तलासरीच्या परिसरातच मिळतात.

लढाईच्या खर्चाचे पैसे कोण देतो?

आधी रोजगाराचे विधान घेऊ. त्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अंबरनाथ, खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा येथील आयुधनिर्माणींवर हजारो मराठी कुटुंबांची घरे उभी राहिली. अमेरिकेत १९४० साली शेकडा १४ ते १५ कामगार बेकार होते. महायुद्धामुळे १९४४ पर्यंत हे प्रमाण शेकडा १ च्या आसपास आले. तक्ता बनवणाऱ्यांचे हे आवडते उदाहरण आहे.

पण त्या वेळी अमेरिकेत कारखाने बंद होते आणि माणसे रिकामी होती. अशा वेळी सरकारने मोठा खर्च केला तर कामे निघतातच; मग तो खर्च रणगाड्यांवर असो की धरणांवर. काम निर्माण झाले ते खर्चामुळे. रणगाड्याचे त्यात वेगळे कर्तृत्व काही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी २०११ साली याच प्रश्नाचा हिशेब मांडला होता. एक अब्ज डॉलर लष्करावर खर्च केले तर सुमारे ११,२०० नोकऱ्या निर्माण होतात. तेच शिक्षणावर खर्च केले तर सुमारे २६,७००. कारण सोपे आहे. शस्त्रात यंत्रसामग्री आणि महागडे सुटे भाग यांचा वाटा मोठा, तर शाळेत माणसांचा वाटा मोठा.

दुसरी गोष्ट अशी की, कारखान्यातून पाण्याचा पंप बाहेर पडला तर तो दुसऱ्या दिवसापासून पाणी उपसू लागतो आणि पुढचे उत्पादन वाढवतो. तोफगोळा कोठारात पडून राहतो किंवा फुटतो. तो करणाऱ्या कामगाराला पगार मिळतो, त्या पगारातून तो तांदूळ, कापड, भाजी घेतो. पण बाजारात तांदूळ किंवा कापड वाढावे असे त्याच्या कामातून काहीच निघालेले नसते. मागणी वाढते आणि माल तेवढाच राहतो. मग किमती चढतात. लढाईचा खर्च अशा रीतीने, कोणतीही पावती न देता, सर्वांकडून वसूल होतो. ज्याची मजुरी किमतींबरोबर वाढत नाही, त्याच्याकडून तो सर्वांत जास्त वसूल होतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर १९४५ साल आठवावे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात अफाट खरेदी केली. त्या मालाचे पैसे लंडनच्या खात्यावर नुसते जमा दाखवले गेले. युद्धाअखेर ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंड झाली होती. येथे मात्र त्या जमेच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या आणि घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्यामागे या भाववाढीचाही हात होता.

त्याच काळात आजच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली माणूस जमीनदारांच्या गवताच्या कुरणांत आणि ठेकेदारांच्या जंगलांत राबत होता. त्याच्याकडून वेठ घेतली जात होती. मजुरी मिळालीच तर ती नावापुरती. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातील झरी या गावी हजारो वारली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. पावसाळ्यानंतर गवतकापणीची वेळ आली तेव्हा त्यांची मागणी होती, ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मारले गेले.

वारल्यांच्या उठावाचे मूळ जमिनीच्या आणि वेठीच्या जुन्या अन्यायात आहे, हे खरे. युद्धाने तो अन्याय निर्माण केला नाही. पण युद्धकाळात पैसा वाढला, भाव चढले, आणि हे सारे होत असताना मजुरी जेथल्या तेथे राहिली म्हणजे काय होते, हे पाहायला आपल्या विद्यार्थ्यांना लांब जावे लागत नाही. त्यांच्या पणजोबांनी ते पाहिले आहे.

बोटीवरची दोन यंत्रे

आता विज्ञानाचे विधान. डहाणू, चिंचणी, वरोर, झाई येथील मोठ्या बोटींवर तांडेलासमोर साधारणपणे दोन यंत्रे असतात. एक मासे दाखवणारे, दुसरे जागा सांगणारे. तक्त्यानुसार दोन्ही युद्धाच्या देणग्या. एकेक पाहू.

पाण्यात आवाज सोडायचा, तो आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, हे पहिल्या यंत्राचे तत्त्व. पाणबुड्या शोधण्यासाठी पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी फ्रान्समध्ये यावर मोठे काम केले, म्हणून याला युद्धाचे अपत्य म्हणतात. परंतु प्रतिध्वनीने हिमनग शोधण्याची कल्पना १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर पुढे आली होती आणि रेजिनाल्ड फेसेंडन यांनी १९१४ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे युद्ध सुरू होण्यापूर्वीच, समुद्रात तिचा प्रयोग करून दाखवला होता. प्रवाशांचे प्राण वाचावेत हा त्यामागचा हेतू होता. युद्धाने या कामाला पैसा दिला आणि वेगही दिला, हे नाकारता येत नाही. पण पुढे काय झाले? जपानमध्ये नागासाकी प्रांतात फुरुनो नावाचे दोन भाऊ मच्छिमारांच्या बोटींवर विजेचे दिवे बसवण्याचा धंदा करीत. त्यांनी लष्कराची मोडीत निघालेली यंत्रे घेतली, कोळ्यांबरोबर समुद्रात जाऊन वर्षानुवर्षे त्यांत फेरफार केले आणि १९४८ साली मासे शोधणारे यंत्र बाजारात आणले. पाणबुडी शोधणारे यंत्र आपोआप मासे शोधू लागले नाही. त्यासाठी माशांचीच काळजी असणारी माणसे लागली.

दुसरे यंत्र जीपीएसचे. हे मात्र निर्विवाद अमेरिकन लष्कराचे आहे. पहिला उपग्रह १९७८ साली गेला. १९८३ साली वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत हद्दीत पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर ही सोय नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरीही २००० सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी यंत्रांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळली जात असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकू शकत असे. लष्कराला अचूक आणि लोकांना जरा कमी अचूक, अशी ती व्यवस्था होती. देणगी देणारा हवे तेव्हा हात आखडता घेऊ शकतो, ही नोंद तक्त्यात कधीच नसते. भारताने २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडले, त्यामागे ही जाणीव होती.

तारापूरची वीज

डहाणू तालुक्याची दक्षिण हद्द ओलांडली की तारापूर. तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधल्या आणि १९६९ साली त्यांतून वीज मिळू लागली. त्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या आहेत. अशा भट्टीला नैसर्गिक युरेनियम चालत नाही. युरेनियममध्ये २३५ वस्तुमानांकाचे अणू शेकडा ०.७ एवढेच असतात. ते प्रमाण शेकडा दोन-तीनपर्यंत वाढवून घ्यावे लागते. हे काम करणारे अवाढव्य कारखाने अमेरिकेत आधीच उभे होते, कारण ते अणुबाँबसाठी बांधले होते. म्हणजे तारापूरच्या विजेची वंशावळ खरोखरच बाँबच्या कारखान्यापर्यंत जाते. तक्ता येथे बरोबर आहे.

पण वंशावळीबरोबर दुसरे काही आले, तेही पाहिले पाहिजे. १८ मे १९७४ रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला. १९७८ साली अमेरिकेने कायदा करून अशा देशांना इंधन देण्यावर बंधने घातली. तीस वर्षे इंधन देण्याचा करार केलेला देश मागे हटला. १९८२ नंतर फ्रान्सने इंधन दिले, पुढे चीनने, मग रशियाने. मुंबईच्या गिरण्यांना आणि गुजरातच्या पंपांना लागणाऱ्या विजेचे इंधन राजधान्यांमधल्या वाटाघाटींवर अवलंबून राहिले. ज्या तंत्राची नाळ शस्त्रांशी जुळलेली असते, त्यावर शस्त्रांच्या राजकारणाची बंधने येतात. ही किंमत विजेच्या बिलात दिसत नाही, पण ती मोजावी लागते. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, ज्या २००५ आणि २००६ साली सुरू झाल्या, त्या नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी यांवर चालतात. शास्त्रज्ञांना दुसरी वाट धरावी लागली, त्याचे एक कारण हेच होते.

तक्त्याचा सर्वांत भक्कम पुरावा

आम्हाला तक्त्यावर अन्याय करायचा नाही. म्हणून त्याचा सर्वांत भक्कम पुरावाही घेऊ. तो म्हणजे मलेरियाचे औषध आर्टेमिसिनीन. डहाणूसारख्या जंगल आणि खाड्यांच्या मुलखात मलेरिया म्हणजे काय ते सांगायला नको.

२३ मे १९६७ रोजी चीनमध्ये 'प्रकल्प ५२३' नावाचा गुप्त लष्करी प्रकल्प सुरू झाला. व्हिएतनामच्या जंगलात लढणारे उत्तर व्हिएतनामचे सैनिक गोळ्यांपेक्षा मलेरियाने अधिक बेजार होते. जुन्या औषधांना मलेरियाचे परजीवी दाद देईनासे झाले होते. या प्रकल्पात तू योयो या संशोधक बाईंनी चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथाचा आधार घेऊन चिंगहाव या वनस्पतीतून औषध वेगळे केले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लष्करी प्रकल्पाने लक्षावधी सामान्य माणसांचे प्राण वाचवले, हे निखळ सत्य आहे.

मात्र तारखा पाहा. औषध १९७२ च्या सुमारास हाती आले. त्यावरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला १९७७ साली, तोही संशोधकांची नावे न देता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधावर आधारलेल्या मिश्र उपचाराची शिफारस केली ती २००१ साली. या विलंबाला सगळी कारणे लष्करी नव्हती. पण गुप्ततेमुळे जगातल्या इतर प्रयोगशाळांना त्यावर काम करता आले नाही, हे त्यांतले एक ठळक कारण. विज्ञान वाढते ते निष्कर्ष उघड मांडल्याने आणि इतरांनी ते तपासल्याने, असे आपण नववीच्या वर्गात शिकवतो. कुलपात ठेवलेल्या संशोधनाला हा नियम लागू होत नाही.

आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. सैनिकाला मलेरिया होतो, म्हणून सैन्याने मलेरियावर संशोधन केले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलचा रुग्ण सैन्यभरतीत टिकत नाही. मग त्याच्या आजारावरचे औषध लष्करी संशोधनातून सहज निघेल, अशी आशा कोणत्या आधारावर धरायची? सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले ते २०२३ साली.

यात्रेचा खर्च

चैत्रात डहाणूजवळ महालक्ष्मीची मोठी यात्रा भरते. एखादा माणूस यात्रेला गेला आणि येताना एक चांगला विळा घेऊन आला, तर विळा कामाचा हे खरेच. पण घरी येऊन तो म्हणू लागला की, प्रवास, खाणेपिणे, पाळणे, तमाशा हा सारा खर्च विळ्यासाठीच केला, तर बायको ऐकून घेईल काय? ती म्हणेल, विळा हवा होता तर सरळ लोहाराकडे जायचे होते.

आपल्या देशाचे आकडे पाहू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपये होते, म्हणजे एकूण खर्चाच्या शेकडा तेराहून थोडे अधिक. त्यात सैनिकांचे पगार आणि निवृत्तिवेतन आले. ते द्यायलाच हवे. फक्त संशोधनाची तुलना करू. संरक्षण संशोधन व विकास संघटनेला (डीआरडीओ) सुमारे २६,८१७ कोटी. शेती संशोधन व शिक्षण विभागाला सुमारे १०,४६६ कोटी. आरोग्य संशोधन विभागाला सुमारे ३,९०१ कोटी. म्हणजे शस्त्रांच्या संशोधनाला शेतीच्या अडीचपट आणि आरोग्याच्या जवळजवळ सातपट. राज्येही शेतीवर खर्च करतात, त्यामुळे चित्र थोडे बदलेल. पण क्रम बदलणार नाही.

आता डीआरडीओची नेहमी सांगितली जाणारी देणगी घ्या. क्षेपणास्त्रासाठी तयार केलेल्या हलक्या पदार्थापासून, डॉ. अब्दुल कलाम यांच्या पुढाकाराने, हैदराबादच्या रुग्णालयातील पोलिओग्रस्त मुलांसाठी पायाचे आधार तयार झाले. तीन किलोंचा आधार ३०० ग्रॅमवर आला. त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद आपल्या आयुष्यातील मोठी कमाई असल्याचे डॉ. कलाम सांगत. यात खोटे काही नाही. पण त्याआधी, १९६८ च्या सुमारास, जयपूरच्या सरकारी रुग्णालयात रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी रबराचा 'जयपूर फूट' बनवला होता. शेतात उकिडवे बसता येईल, अनवाणी चालता येईल, असा. त्यासाठी क्षेपणास्त्र लागले नाही. अपंग माणूस डोळ्यांसमोर होता आणि त्याची गरज नेमकी ठाऊक होती, तेवढे पुरले. हलका आधार बनवायचा असेल तर तो बनवायचाच प्रकल्प हाती घेणे अधिक स्वस्त पडते. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

जे थेट केले ते

डहाणू तालुक्यातच याचे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते कोणत्याही तक्त्यावर नसते. ज्या १९४५ साली झरीला वारल्यांची सभा झाली आणि हिरोशिमावर बाँब पडला, त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा झाली. शंख, शिंपले, बिया, पाने हेच शैक्षणिक साहित्य. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ज्या बाँबच्या प्रकल्पाला सुमारे दोन अब्ज डॉलर लागले, त्याच काळातले हे संशोधन आहे. आम्ही त्याला संशोधनच म्हणतो : प्रश्न समोरचा, निरीक्षण रोजचे, आणि निष्कर्ष सर्वांना खुला.

आजचे उदाहरणही येथलेच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मच्छिमार बोटींवर संदेश-यंत्रे बसवण्याच्या देशव्यापी योजनेचा प्रारंभ झाला. एक लाख बोटी, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. तंत्र इस्रोचे, म्हणजे नागरी संस्थेचे. संकटात किनाऱ्याला कळवणे, वादळाची सूचना मिळणे, सागरी हद्द जवळ आल्याचे समजणे, हे या यंत्राचे काम. ते बोटींसाठीच बनवले आहे. त्याची प्रत्यक्षातली कामगिरी अर्थात तांडेलच सांगतील, आणि ती विचारावी.

१ जानेवारीच्या दोन याद्या

सागरी हद्दीचा उल्लेख आला म्हणून एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. दर वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. पहिली अणुकेंद्रांची. त्यांच्यावर हल्ला करायचा नाही, असा १९८८ चा करार आहे आणि १९९२ पासून ही यादी दिली जाते. अणुवीज केंद्रे या करारात येतात, त्यामुळे तारापूरचा संबंध या यादीशी आहे. दुसरी यादी एकमेकांच्या तुरुंगातील कैद्यांची आणि मच्छिमारांची. ती १ जुलैलाही दिली जाते. १ जुलै २०२५ च्या यादीप्रमाणे पाकिस्तानच्या ताब्यात १९३ भारतीय मच्छिमार होते. ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून डहाणू-तलासरीच्या पाड्यांतले तरुण जातात, आणि या यादीत त्यांची नावे पुन्हा पुन्हा आलेली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' बोटीवर पाकिस्तानी सागरी दलाने केलेल्या गोळीबारात पालघर तालुक्यातील वडराई गावचा मच्छिमार मारला गेला. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे वडील वा काका या यादीत असतील.

म्हणून संरक्षण हा येथील लोकांसाठी पोकळ शब्द नाही, आणि आमची टीका संरक्षणाच्या गरजेवर नाही. नौदल किती हवे, तटरक्षक दलाच्या नौका किती हव्यात, यावर जरूर चर्चा व्हावी, पण ती संरक्षणाच्या कसोटीवर. 'तेजस' विमानाचा प्रकल्प १९८३ साली मंजूर झाला, पहिले उड्डाण २००१ साली झाले आणि २०१६ साली ते हवाई दलात आले. एवढा काळ का लागला, हा योग्य प्रश्न आहे. त्याला 'पण त्यातून किती नवे पदार्थ निघाले!' हे उत्तर होऊ शकत नाही. संरक्षणाचा खर्च संरक्षणासाठी म्हणून मागावा आणि त्याच नावाखाली तपासावा. विज्ञानाच्या आणि रोजगाराच्या नावाने तो मागितला की दोन्हींचा हिशेब बुडतो. खलाशाला पोटासाठी ओख्याला का जावे लागते, हा प्रश्न तर कोणाच्याच खात्यावर राहत नाही.

वर्गात काय करावे?

तक्ता फाडू नये. मुलाला तो पुरा करायला सांगावे. प्रत्येक चित्राखाली पाच रकाने आखावेत :

१. मूळ कल्पना कोणाची आणि केव्हाची? ती युद्धापूर्वीची आहे का?

२. लष्कराच्या हातून लोकांच्या हाती यायला किती वर्षे लागली, आणि मधले काम कोणी केले?

३. सोबत कोणत्या अटी आल्या?

४. तीच वस्तू थेट करायला घेतली असती तर काय लागले असते?

५. आपल्या गावाची कोणती गरज या यादीत कधीच येणार नाही?

पाचवा रकाना मुलांनी घरी विचारून भरावा. चिकूची बी पोखरणारी अळी, अवकाळी पावसात वलांडीवर भिजणारे बोंबील, आईची रक्ताची कमतरता, मार्चमध्येच आटणारी पाड्यावरची विहीर, अशी उत्तरे येतील. त्यांतल्या प्रत्येकात विज्ञान आहे, आणि पुष्कळसे अजून कोणी केलेले नाही.

असा पुरा केलेला तक्ता पुढच्या प्रदर्शनात लागला, तर त्याच्या पाचव्या रकान्यातील नोंदी आम्हाला अवश्य कळवा.